संक्रांतीचं वाण यंदा घरीच करायचंय: जुन्या साड्या, ब्लाउजपीस, पुठ्ठे यांचं काय काय होईल?

सुईदोरा, ६ डिसेंबर

नमस्कार मंडळी. दिवाळीत माळा साफ केला तेव्हा एका खोक्यात गेल्या काही वर्षांत मिळालेलं वाण सापडलं. प्लास्टिकच्या चाळण्या, साबणाच्या डब्या, टिकल्यांच्या डब्या, झाकण न बसणारे डबे. मोजले तर तेवीस नग, सगळे जसेच्या तसे. ज्यांनी दिलं त्यांनी प्रेमानेच दिलं, आणि मीही दरवर्षी घाऊक बाजारातून असंच काहीतरी उचलून आणत होते. कुणाच्या तरी माळ्यावर माझ्याही तेवीस चाळण्या पडल्या असणार, हे त्या दिवशी लख्ख दिसलं.

तर यंदा ठरवलंय, वाण घरी शिवून द्यायचं. चाळीस बायका येतात. घरात आहे ते असं: सासूबाईंच्या तीन जुन्या सुती साड्या, ओटीत आलेल्या ब्लाउजपीसांचं गाठोडं, मुलाच्या दोन जीन्स, ऑनलाइन खरेदीचे पुठ्ठ्याचे खोके आणि पायमशीन. वरचा खर्च पाचशेच्या आत हवा. अट एकच, वस्तू घेणारीच्या घरात रोज वापरली गेली पाहिजे.

मनात आहे ती फ्रिजमध्ये पालेभाजी ठेवायची नाडीची पिशवी. हिशोब मांडलाय, कुठे चुकत असेल तर सांगा. साडी साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच, पन्ना ४५ इंच. एका पिशवीला १५ बाय ३५ इंचाचा तुकडा. पन्न्यात तीन आणि लांबीत सहा बसतात, म्हणजे एका साडीच्या अठरा पिशव्या. दुमडून शिवल्यावर १४ बाय १६ची पिशवी होते, वर दीड इंच नाडीच्या नेफ्याला. तीन साड्यांच्या चोपन्न होतील. चाळीस देऊनही उरतील.

आणखी काय करता येईल? घर आवरायला उपयोगी पडेल असंही सुचवा.

बेळगावकरीण, ६ डिसेंबर

हिशोब बरोबर आहे ओ, पण कागदावर. जुन्या साडीच्या अठरा कधीच निघत नाहीत. कापायच्या आधी साडी खिडकीत उजेडासमोर धरून हळूहळू सरकवत बघा. निऱ्यांपाशी, फॉलच्या वर आणि खांद्यावर पिन लागते तिथे कापड विरलेलं असतं. तिथून उजेड जास्त येतो. खडूने गोल करून ठेवा आणि तेवढं सोडूनच तुकडे आखा. बारा-चौदा निघाल्या तर चांगल्या निघाल्या समजा.

आणि कात्रीने कापत बसू नका. काठाला बोटभर कात्री मारायची आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडायचं. सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं, कात्रीची रेघ वाकडी जाते. फाडताना एखादा तुकडा मधेच गेला तर तो भाग विरलेलाच होता, पिशवी होऊन महिन्याभराने फाटण्यापेक्षा आत्ताच कळलं.

शिवण दुहेरी घाला. आधी सुलट बाजू बाहेर ठेवून पाव इंचावर टीप मारायची, मग पिशवी उलटवून पुन्हा पाव इंचावर. धागे आत बंद होतात. भाजीची पिशवी दर आठवड्याला धुतली जाणार, उघडे धागे राहिले तर चार धुण्यांत शिवण उसवते.

रानजाई, ७ डिसेंबर

कल्पना खूप आवडली. मी तीन वर्षं अशा पिशव्या वापरतेय म्हणून दोन गोष्टी मनापासून सांगते.

एक, गाजर-काकडी यात ठेवू नका. सुती पिशवीतून ओल उडून जाते आणि फ्रिजमध्ये ती तिसऱ्या दिवशी मऊ पडतात. पालेभाजीला मात्र ही पिशवी फार छान. मेथी-कोथिंबीर निवडून, न धुता ठेवायची आणि पिशवी किंचित दमट करून घट्ट पिळून घ्यायची. प्लास्टिकमध्ये पाणी सुटून पानं काळी पडतात, तसं यात होत नाही. घेणारीला हे सांगितलं नाही तर ती एकदा गाजरं ठेवून बघेल आणि पिशवी खोक्यात टाकेल. म्हणून सोबत चिठ्ठी द्या.

दोन, रंग. साडी कितीही जुनी असू दे, कापायच्या आधी ओला पांढरा रुमाल घासून बघा. रुमालाला रंग लागला तर ती साडी अन्नाला नको.

सुईदोरा, ७ डिसेंबर

रानजाई ताई, आत्ता तपासून आले. दोन साड्यांचं काही नाही, पण गडद जांभळीने रुमाल रंगवला. वीस वर्षांची साडी आहे हो! ती आता बाजूला. म्हणजे राहिल्या दोन, आणि बेळगावकरीण म्हणतात तसं झालं तर पिशव्या पंचवीसच्या आसपास. उरलेल्या पंधरा जणींसाठी काहीतरी दुसरं लागेल.

पुठ्ठेवाला, ७ डिसेंबर

माझं बाइंडिंगचं आणि खोके बनवण्याचं काम आहे, त्यामुळे पुठ्ठ्याबद्दल बोलतो.

ताई, ड्रॉवरमधले खण हे पुठ्ठ्याचं सगळ्यात उपयोगी काम. मोजे, चार्जर, औषधाच्या पट्ट्या, सुया-बटणं, सगळ्याला जागा मिळते. ड्रॉवरची आतली लांबी, रुंदी, उंची मोजा. उंचीपेक्षा अर्धा सेंटिमीटर कमी अशा पट्ट्या कापा. आडव्या पट्टीला वरून निम्म्यापर्यंत खाच, उभ्या पट्टीला खालून निम्म्यापर्यंत खाच, आणि दोन्ही एकमेकींत बसवा. डिंक लागत नाही. खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीएवढीच हवी, जास्त झाली तर सगळं डुलतं.

लोक हमखास चुकतात ते इथे: खोक्याच्या पुठ्ठ्यात आत नागमोडी कागद असतो, त्याच्या नळ्या दिसतात. त्या नळ्या उभ्या राहतील अशीच पट्टी कापायची. नळ्या आडव्या आल्या की पट्टी वाकते आणि चार दिवसांत बसते. कापायला कात्री नको. स्टीलची पट्टी धरून कटरने तीन हलके हात मारायचे. पहिल्याच हातात जोर लावला की कड चेपते.

वरून कापड किंवा कागद चिकटवायचा तर बाजारचा डिंक कशाला? दोन चमचे मैदा कपभर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा आणि मंद आचेवर ढवळत राहा. पारदर्शक दिसायला लागला की खळ झाली. गार करून ब्रशने लावा. आम्ही वह्यांच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतो, पण ते विषारी आहे. घरात लहान मूल असेल किंवा डबा स्वयंपाकघरात जाणार असेल तर मोरचूद अजिबात नको. साधी खळ दोन दिवसांत वापरून टाका.

सातासमुद्रापार, ८ डिसेंबर

ब्लाउजपीसांचं गाठोडं! प्रत्येक भारतवारीत माझ्या बॅगेतून सात-आठ येतात. न शिवता ते पुढे देत राहतो आणि ते फिरत राहतात. मी इथे न्यू जर्सीत त्यांचा एक उपयोग शोधला. भेटवस्तू गुंडाळायला कागद आणतच नाही. ब्लाउजपीस तिरका पसरायचा, मधे डबा ठेवायचा, समोरासमोरची दोन टोकं डब्यावर घ्यायची आणि उरलेल्या दोन टोकांची वर गाठ. शिदोरी बांधायचो तसंच. इकडच्या मैत्रिणी ते कापड सोडवून टेबलावर अंथरतात. एकीने त्याची उशी शिवली.

ब्लाउजपीस लांबी-रुंदीला सारखा नसतो म्हणून आधी जास्तीची पट्टी फाडून चौकोन करून घ्या. त्या पट्टीची नाडी होते.

सुईदोरा, ८ डिसेंबर

नाडीचं मस्त सुचवलंत. नाडीचाच खर्च मोठा होता, पिशवीला एक मीटर लागते.

बेळगावकरीण, ८ डिसेंबर

गाठोड्यात खणाचं कापड असेल तर ते वेगळं काढा हां. खरा खण गुळेदगुड्डचा, त्याचा पन्ना लहान, साधारण ३१ इंच. त्याची भाजीची पिशवी करू नका, धुण्यात जीव जाईल त्याचा. खणाची डायरीची पाठ, बांगड्यांची वळकटी, देवघरातलं आसन, असं काहीतरी करा. कडेला फार उसवतो, म्हणून शिवणीला अर्धा इंच सोडा आणि कापल्या कापल्या कडा शिवून घ्या.

बांगड्यांची वळकटी सोपी आहे. जुन्या टॉवेलचा तुकडा घट्ट गुंडाळून मनगटाएवढा जाड रूळ करायचा, वरून खण चढवायचा, दोन्ही टोकांना नाडी. बांगड्या त्यात ओवून ठेवायच्या. प्रवासात एकही फुटत नाही.

माडाच्या_सावलीत, ९ डिसेंबर

आमच्या देवगडकडे फुकटची गोष्ट म्हणजे करवंटी. नारळ फोडतानाच मन लावून फोडला तर बरोबर निम्मा होतो. आडवा धरून मधल्या रेषेवर कोयत्याच्या पाठीने टोले मारत गोल फिरवायचा.

डोळे असलेली करवंटी बाजूला ठेवायची, बिनडोळ्यांची घ्यायची. रात्रभर पाण्यात भिजवून बाहेरचा काथ्या सुरीने खरवडायचा. मग पॉलिश पेपर, आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी २२०. आतून-बाहेरून. मग खोबरेल तेलाचा हात. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा तेल. काळीभोर चकाकते. बूड गोल असतं म्हणून डुगडुगते, त्यासाठी दुसऱ्या करवंटीची कड दोन बोटं रुंद कापून खाली बैठक म्हणून चिकटवायची.

एकीला साधारण दीड तास लागतो. हातानेच घासायची, घाई केली तर चरे राहतात. पंधरा वाणं हवीत ना ताई? त्यात हळद-कुंकू घालून द्या. पुढे तीच वाटी टाचण्या, पिना, सुटे पैसे ठेवायला वापरतील.

आजीची_पेटी, ९ डिसेंबर

मुलींनो, नातवाकडून टाइप करून घेते आहे. वय चौऱ्याहत्तर.

तुम्ही सगळ्या नवीन म्हणून बोलता आहात ते आमच्या घरी रोजचं होतं. रद्दी विकायच्या आधी आई त्यातली अर्धी बाजूला काढायची. कागदाचे तुकडे करून तीन दिवस पाण्यात, रोज पाणी बदलायचं. मग पिळून उखळात कांडायचं. दुसरीकडे मेथीदाणे भिजवून पाट्यावर बुळबुळीत वाटायचे. लगद्यात मेथी चांगली मळली की घमेलं पालथं घालून, त्यावर ओलं फडकं टाकून, बोटभर जाड थर थापायचा. कडक उन्हात चार-पाच दिवस. सुटून आलं की टोपली तयार. आत तांदूळ, डाळ, शेवया. मेथीच्या कडूपणाने किडा फिरकत नाही. बांबूच्या सुपाच्या आणि टोपलीच्या भेगाही आम्ही याच लगद्याने बुजवायचो. एक किलो कागदाला पाव किलो मेथी, असं आईचं माप.

माझ्या लग्नाच्या रुखवतात अशा पाच टोपल्या होत्या, उतरत्या आकाराच्या, एकीत एक बसणाऱ्या. त्यांतली सर्वांत लहान अजून आहे. तिच्यात मी वाती ठेवते.

रानजाई, ९ डिसेंबर

आजी, मी एकदा हे केलं होतं आणि टोपलीला आतून बुरशी आली. काय चुकलं असेल?

आजीची_पेटी, १० डिसेंबर

पावसाळ्यात किंवा ढगाळ हवेत केलं असशील. नाहीतर थर जाड झाला. बाहेरून वाळला तरी मधे ओल राहते. थापून झालं की कोरड्या फडक्याने दाबून दाबून पाणी टिपून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी घमेल्यावरून सोडवून उलटी करायची, म्हणजे आतल्या बाजूलाही ऊन लागतं. माघ ते चैत्र हा काळ चांगला. या संक्रांतीला जमणार नाही, पुढच्या वर्षीसाठी उन्हाळ्यातच करून ठेवा.

आणि बिनखर्चाची भेट हवी असेल तर फुलवाती करा. सरकी काढलेला कापूस, दुपारी अर्धा तास. एकशे आठ वातींची पुडी बांधून दिली तर आजकालच्या मुली इतक्या खूश होतात, त्यांना वेळ कुठे मिळतो.

निळा_शर्ट, १३ डिसेंबर

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. गेल्या वर्षी वडील गेले. त्यांचे शर्ट कुणाला द्यायला आई तयार नव्हती आणि कपाटात बघवतही नव्हते. बायकोने एक दिवस सुचवलं, अभ्रे करूया.

शर्टाची बटणं लावायची, पालथा न घालता सरळ पसरायचा, बटणपट्टी मधोमध येईल असा १७ इंचाचा चौकोन पुढच्या आणि मागच्या भागातून एकदम कापायचा. उलट बाजूने चारही कडा शिवायच्या, बटणं उघडून उलटवायचं. १६ इंचाची उशी आत घालून बटणं लावली की अभ्रा तयार. चेन नको, नाडी नको. खिसा वरच राहतो.

पाच शर्टांचे पाच अभ्रे झाले. आम्हा चार भावंडांना एकेक, एक आईला. आई त्या खिशात चष्मा ठेवते. बाबाही तिथेच ठेवायचे.

बेळगावकरीण, १३ डिसेंबर

दादा, आज माझ्या घरच्या पाच जणांना हे वाचून दाखवलं.

उन्हाळी_पाऊस, १५ डिसेंबर

माझ्याकडे मशीन नाही, हाताने पिशव्या शिवता येतील का? आणि ज्या साडीला रंग जातो तिचं काय करायचं? माझ्याकडेही एक आहे.

बेळगावकरीण, १५ डिसेंबर

येतील की. धावदोरा बारीक घाला, एका इंचात सात-आठ टाके, आणि दर चार बोटांवर एक उलटा टाका घेऊन पुढे जा. दोरा दुहेरी. एक पिशवी तासाभरात होते. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गाठी होतात.

रंग जाणारी साडी मिठाच्या पाण्यात घालून रंग पक्का होईल असं सांगतात, पण जुन्या कापडाचं माझ्या हातून कधी झालं नाही. ती गोधडीच्या पोटात घाला, वरखाली फिक्या नको, गडदच साड्या. नाहीतर गरम पातेलं उतरवायची जाड फडकी करा. मधे जुना सुती टॉवेल आणि बाहेरून साडी. त्यात टेरिकॉट किंवा पॉलिस्टर अजिबात येऊ देऊ नका, गरम भांड्याला ते वितळून हाताला चिकटतं. शंका असेल तर कापडाचा एक धागा ओढून जाळून बघा. सुताची राख होते आणि जळक्या कागदासारखा वास येतो, पॉलिस्टरची कडक गोळी होते.

पुठ्ठेवाला, १६ डिसेंबर

सुईदोरा ताई, एक सुचवू? पिशवी रिकामी असताना वजन करा आणि नेफ्याच्या खाली रंगीत दोऱ्याने तेवढे ग्रॅम शिवून टाका. दुकानात सुटी डाळ किंवा रवा घेताना दुकानदाराला तेवढं वजा करायला सांगता येतं. आमच्या सोसायटीजवळच्या वाण्याने अशी पिशवी बघून स्वतःहून चौकशी केली होती.

सुईदोरा, २ जानेवारी

उशीर झाला, पण हात चालू होते. दोन साड्यांच्या सत्तावीस पिशव्या झाल्या. वजन तीस ग्रॅमच्या आसपास भरतंय, लाल दोऱ्याने ते शिवलंय. जांभळ्या साडीची आणि मुलाच्या जीन्सची मिळून तेरा जाड फडकी झाली, एकेका कोपऱ्यात टांगायला जीन्सचाच लूप. करवंट्या पाचच जमल्या, त्या घरच्यांना.

पहिल्या चार पिशव्या मी नेफा शिवून झाल्यावर बाजू शिवल्या आणि नाडीचं तोंडच बंद करून बसले. उसवून पुन्हा केल्या. नवीन करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, बाजू शिवताना वरचे दीड इंच सोडायचे.

खर्च: नाडीचं अर्धं काम ब्लाउजपीसांच्या पट्ट्यांत भागलं, उरलेली विकत घेतली. दोरा, नाडी, पॉलिश पेपर धरून २६० रुपये.

एक गोष्ट सांगायची राहिली. या साड्या सासूबाईंच्या. सासरे गेल्यापासून सहा वर्षं त्यांना हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही, आणि आमच्याच घरच्या हळदीकुंकवाला त्या आतल्या खोलीत बसायच्या. यंदा मी त्यांना म्हटलं, साड्या तुमच्या, तर वाण तुमच्याच हातून जाईल. दोन दिवस काही बोलल्या नाहीत. काल रात्री सगळ्या पिशव्या मोजून, घड्या घालून, त्यांनी स्वतः टोपलीत रचून ठेवल्या.

आजीची_पेटी, २ जानेवारी

सूनबाई, तुला माझा आशीर्वाद. त्यांना सांग, मीही गेली अकरा वर्षं माझ्या घरी वाण लुटते, सगळ्यांना बोलावून.

सातासमुद्रापार, १२ जानेवारी

आमच्या इथल्या मंडळाचं हळदीकुंकू शनिवारी आहे. या धाग्यावरून अठरा बांगड्यांच्या वळकट्या केल्या. बेळगावकरीण, टॉवेलचा रूळ मधून दोन ठिकाणी दोऱ्याने आवळला नाही तर सैल पडतो, एवढी भर घालते.

सुईदोरा, १९ जानेवारी

झालं हळदीकुंकू. चाळीसच्या ऐवजी त्रेचाळीस आल्या, म्हणून घरच्या पाच करवंट्यांतल्या तीन द्याव्या लागल्या. सासूबाई दारापाशी पाटावर बसल्या होत्या, प्रत्येकीला तिळगूळ आणि पिशवी देताना "ही माझी इंदूरहून आणलेली साडी" असं सांगत होत्या. त्या साडीच्या कितीतरी गोष्टी मलाही पहिल्यांदा कळल्या.

चिठ्ठीत लिहिलं होतं, "पालेभाजीला, दमट करून. गाजराला नको." रानजाई ताई, तुमची आठवण सगळ्यांना सांगितली.

आणि आज सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गावाहून आलेला ओला हरभरा पाठवला, आमच्याच पिशवीत. मुलगी दारात उभी राहून म्हणाली, आई म्हणाली पिशवी आत्ताच रिकामी करून द्या, तिला मेथी ठेवायचीय.